अनाथांनी हात वर करा

पोरगं अनाथ आहे हे सरकारला पटवायचं, तर आधी त्याचा फोटो काढावा लागतो. पासपोर्ट साइजचा लागतोच, पण तेवढ्यावर भागत नाही. घरासमोर उभं राहून, सांभाळणाऱ्या माणसासोबत, चार बाय सहाचा दुसरा लागतो. त्यात घर दिसलं पाहिजे, आजी दिसली पाहिजे, पोरगं दिसलं पाहिजे. आईबाप दिसत नाहीत, हाच पुरावा. तरी मृत्यूचा दाखला वेगळा जोडायचाच. फोटोवर कुणी विश्वास ठेवत नाही आजकाल.

ज्या योजनेसाठी हे सगळं करायचं, तिचं आजचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आधी ती नुसतीच बालसंगोपन योजना होती. २०२३ मध्ये नाव लांबलं आणि महिन्याची रक्कम ११०० वरून २२५० झाली. त्याच्याही आधी ती ४२५ रुपये होती. महिनाभर पोर जगवायला ४२५ रुपये पुरतात असं ज्या साहेबांना वाटलं, त्यांना एकदा पिशवी देऊन शेवगावच्या बाजारात पाठवायला हवं होतं. परत येताना पिशवीत काय असतं ते बघून फाईलवर सही घेतली असती.

कुणाचं पोर कुणी सांभाळायचं, याचा कायदा आपल्याकडं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ म्हणतं, की रक्ताचं नातं नसलेल्या कुटुंबातही मूल सांभाळायला देता येतं. परदेशात हे सर्रास चालतं. आपल्याकडं अनोळखी माणूस भाडेकरू म्हणून घेतानाही जात, गाव, पाहुणे विचारतात, तिथं पोर म्हणून कोण घेणार? म्हणून इथं सांभाळते ती आजी. ती नसेल तर मामा, मावशी, चुलता. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण ज्याने केली, त्याने मावशीला विचारलं नव्हतं. मावशीच्या घरात तिची स्वतःची तीन, एक म्हैस आणि काका.

आणि मामाचं गाव असतं मे महिन्यापुरतं. भाचा जूनमध्येही तिथंच दिसला, की गाव हिशोब मांडायला लागतं. आधी 'कधी आला?' असं विचारणारे आता 'कधीपर्यंत आहेस?' विचारतात. जुलैत विचारणं बंद होतं आणि मामीकडं बघणं सुरू होतं.

आता असं एखादं पोरगं घ्या. नववीतलं. त्याचं नाव, गाव, शाळा इथं लिहिणार नाही. का ते पुढं येईलच. या पोराला बालसंगोपनासाठी शाळेचं बोनाफाईड हवं असतं. मधल्या सुट्टीत ते ऑफिसच्या खिडकीशी जातं. मागं दहा-बारा जणांची रांग. आतून क्लार्क विचारतो, "कशाला पाहिजे?"

पोरगं हळू बोलतं, "योजनेसाठी."

"कुठल्या?"

"बालसंगोपन."

"मोठ्यानं बोल की. कोण वारलंय?"

क्लार्क वाईट माणूस नाही. त्याला रजिस्टरच्या रकान्यात कारण लिहायचंय. पण मागच्या दहा-बारा जणांनाही कारण कळलं, आणि मधली सुट्टी संपायच्या आत ते 'ब' तुकडीतही पोचलं. शेवगावात नळाला पाणी किती दिवसांनी येईल ते सांगता येत नाही, पण बातमी रोज येते.

मग एक दिवस पोराला घेऊन नगरला जायचं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी शेवगावचा माणूस एसटीत बसतो तो नगरलाच जायला. साठ-सत्तर किलोमीटर. तिथं बाल कल्याण समितीपुढं पोर हजर करायचं असतं. कामकाज ऑफिसच्या वेळेत, म्हणजे शाळेच्याही वेळेत. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न येतो, "काल कुठं होता रं?" पोरगं सांगतं, मामाबरोबर ट्रॅक्टरचा टायर आणायला गेलतो. पुढच्या खेपेला टायरऐवजी बेअरिंग. या पोरांची कल्पनाशक्ती बघता मराठीच्या पेपरात कथालेखनाला पैकीच्या पैकी मार्क पडायला हवेत. तिथं मात्र निबंध येतो 'माझे बाबा'.

या निबंधाची गंमत वेगळीच. ज्याला बाबा आहेत तो गाईडमधून उतरवतो. ज्याला नाहीत त्याला स्वतः लिहावा लागतो. त्याचे बाबा पुण्याला कंपनीत असतात, दिवाळीला येतात, येताना बूट आणतात. गुरुजींना सगळं माहीत असतं. ते तपासताना डोळे पुसतात आणि स्टाफरूममध्ये वाचून दाखवतात. तिथून तो निबंध शाळेभर फिरतो. मार्क दहापैकी सहा, शुद्धलेखनाच्या चुका.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या पोरांना दया कमी पडते, अशी आपली ठाम समजूत आहे. ती काढून टाका. दयेचा पुरवठा मुबलक आहे, भारनियमनसुद्धा नाही. पोरांना मिळत नाही ते एवढंच, की कुणी आपल्याला इतरांसारखं वागवावं. चौदा-पंधराचं वय म्हणजे सगळ्यांसारखं दिसायची धडपड. सगळ्यांसारखा केसांचा कट, सगळ्यांसारखे बूट, सगळ्यांसारखी शिवी. या वयात वेगळं दिसणं म्हणजे संकट. आणि आपण काय करतो? त्याला उभं करतो.

हे अक्षरशः. तालुक्यातल्या एका शाळेचा प्रसंग. वर्गशिक्षक यादी घेऊन आले. "बालसंगोपनवाले उभे राहा. बँक पासबुकाच्या झेरॉक्स कुणाच्या राहिल्यात?" यादीत तीन नावं होती. तिघं उठायला लागले तसा मागच्या बाकावरचा एक दणकट गडी उठला. मग त्याच्या शेजारचा. बघता बघता अकरा उभे. त्यातला एक मैत्रीखातर उठला असेल, बाकीचे कशाचं तरी वाटप आहे समजून, आणि दोघं नक्कीच गणिताचा तास बुडावा म्हणून. सर वैतागले. "अरे, तुझा बाप काल मला पेट्रोल पंपावर भेटला होता, खाली बस!" पण ती दोन-तीन मिनिटं वर्गात कोण कोण आहे याचा पत्ता कुणालाच लागला नाही. बाल मानसशास्त्राचं शिबिर न करता एका बॅकबेंचरने जे साधलं, ते शिक्षण विभागाला अजून जमलेलं नाही.

पोरांच्या दुनियेत या विषयावर फार बोलत नाहीत. भांडण झालं आणि एखादा चुकून बोलून गेला, "थांब, तुझ्या बापाला सांगतो," तर हा शांतपणे म्हणतो, "सांग की. भेटला तर मलाबी कळव." क्षणभर सगळे गप्प, मग हशा, मग पुन्हा कबड्डी. एवढ्यात विषय मिटतो. तोच विषय मोठ्यांच्या हाती लागला की समिती बसते.

सहलीचं बघा. सहलीचे पैसे भरायला मामाकडं या महिन्यात नाहीत. सर भले असतात. ते वर्गात म्हणतात, "आपल्या मित्राला आपण सगळे मिळून नेऊ. प्रत्येकाने दहा-दहा रुपये आणा." पोरं आणतात. हाही सहलीला जातो, खिडकीशी बसतो, गाणी म्हणतो. आणि पुढच्या महिन्यात क्रिकेटमध्ये कुणीतरी आउट दिलं म्हणून जुंपली, की पलीकडून येतं, "जास्त बोलू नको, माझ्या दहा रुपयांवर गेला होतास." सरांनी पोराला एका दिवसाची सहल दिली आणि चाळीस सावकार दिले. तेच पैसे सरांनी मुकाट्यानं स्वतःच्या खिशातून भरले असते, तर सहल तेवढीच झाली असती, सावकार एकही नसता.

पण मुकाट्यानं काही करणं आपल्या तालुक्याच्या प्रकृतीला मानवत नाही. वह्यावाटप असो की दप्तरवाटप, आधी फ्लेक्स. फ्लेक्सवर सोळा मान्यवर, त्यांची पदं, खाली 'अनाथ व निराधार विद्यार्थ्यांना शालेय साहित्य वाटप'. मग मांडव, हार, नारळ, तीन भाषणं. 'अनाथांचा नाथ' ही पदवी शेवगावात निदान चार जणांकडं असेल. त्यानंतर पोरांची नावं माईकवरून पुकारायची. नववीतली मुलगी उठून समोर येते, वह्या हातात घेते, पण वही सोडायला मान्यवर तयार नसतात; फोटो व्हायचा असतो. वहीची एक बाजू तिच्या हातात, दुसरी साहेबांच्या, आणि दोघंही कॅमेऱ्याकडं बघतात. साहेब हसतात. दुपारपर्यंत फोटो गावच्या ग्रुपवर, संध्याकाळी वर्गातल्या पोरांच्या मोबाईलवर, आणि रात्री कुणीतरी त्यावर स्टिकर करतो. सहा वह्या, प्रत्येकी शंभर पानी.

आता कायद्याचं ऐका. त्याच बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं, की काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाच्या चौकशीबाबत वर्तमानपत्रात किंवा कुठल्याही माध्यमात त्याचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील देता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर उल्लेख केलेल्या पोराचं नाव मी का लिहिलं नाही, ते आता कळलं असेल. आणि कलम ३ मध्ये तत्त्वं दिलीत, त्यात मुलाला डाग लागेल अशी भाषा वापरू नये आणि त्याचं खासगीपण जपावं, हेही आहे. आता कलम ७४ फ्लेक्सवाल्यांना काटेकोर लावायचं ठरवलं, तर तालुक्यातले अर्धे मान्यवर आत जातील आणि पुढच्या वह्यावाटपाला तुरुंगातल्या ग्रंथालयात जावं लागेल.

पालकसभेचं दुखणं वेगळं. आजी येते. सकाळची कामं उरकून, पदर सावरत, सगळ्यांच्या आधी. सह्यांच्या वहीवर अंगठा लावते. सर म्हणतात, "आजी, पुढच्या वेळी आईला पाठवा." ज्याच्या फाईलमध्ये आईचा मृत्यूचा दाखला शाळेनेच लावून घेतलाय, त्याला हे ऐकावं लागतं. काही पोरं मग आजीला सभेची चिठ्ठीच दाखवत नाहीत. मित्राची आई येते आणि सरांना ठोकून देते, "हा पण माझ्याकडंच असतो, काय असेल ते मला सांगा." सर तिलाच सगळं ऐकवतात: गणित कच्चं, अक्षर वाईट, मागं बसून बोलतो. घरी जाताना ती आपल्या आणि परक्या, दोघांनाही सारख्याच शिव्या घालते. भेदभाव न करणारी मला दिसलेली ही एकमेव यंत्रणा.

बरं, आईबाप जिवंत असूनही सहा महिने पोरकी राहणारी पोरं हे आपलं खास उत्पादन. तालुक्याच्या पूर्वेला बोधेगाव-हातगावकडून आणि पलीकडं पाथर्डीतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल फिटायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यात पोरांचा हिशोब नसतो. लहान लेकरू बरोबर जातं, कोपीत वाढतं. आठवी-नववीतलं आजीकडं राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात. बऱ्याच ठिकाणी वसतिगृह म्हणजे जेवायला शाळेत आणि झोपायला आजीकडं. संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं करायचं सरकारने २०२१ मध्ये ठरवलं. पहिल्या टप्प्यात दहा तालुके; आपल्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड. शेवगावच्या पोरांनी तोवर शेजारधर्मावर भागवायचं.

या पोरांची दिवाळीनंतरची हजेरी बघा आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरची बघा. मधल्या काळात पोरगं वर्गात असतं, पण जनावरांचं वैरण-पाणी करून येतं आणि तिसऱ्या तासाला झोपतं. पोरीचं आणखी अवघड. चौदा-पंधराची नात घरात, लेक-सून कारखान्यावर, म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मग कुणीतरी स्थळ सुचवतं. वर्गात हे पहिल्यांदा कळतं ते शेजारी बसणारीला, कारण तिला मेंदीचा कोन आणायला सांगितलेला असतो. अशा वेळी फोन करायचा नंबर १०९८. तो शाळेत लावलेलाही असतो. कुठं? मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटाच्या वर. पोरी तिथं जातात फक्त शिक्षा भोगायला.

पोरं पोरांना छळतात, हे खरंच आहे. पण पोरांना सुरुवात कोण करून देतं, तेही पाहावं. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांच्या सेवालयातली एचआयव्हीबाधित मुलं २००९ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला लागली, तेव्हा गावाने आपली पोरं शाळेत पाठवणं बंद केलं. बहिष्कार बाकावरच्या पोरांनी टाकला नव्हता. तो ठरला होता पारावर. आपल्याकडं नगरला गिरीश कुलकर्णींनी १९८९ मध्ये स्नेहालय सुरू केलं, ते वेश्यावस्तीतल्या लेकरांसाठी. 'ही कुणाची पोरं?' हा प्रश्न तेव्हाही मोठ्यांनाच पडत होता. पहिलीतल्या पोराला प्रश्न पडतो तो डब्यात काय आणलंय एवढाच.

इंग्लंडमध्ये सरकारच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक सरकारी शाळेत एक शिक्षक कायद्याने नेमलेला असतो. मुलाचं काय चाललंय, काय अडतंय, ते त्याने बघायचं. त्या मुलाचा वेगळा शिक्षण आराखडाही असतो. आपल्याकडं त्याहून व्यापक व्यवस्था आहे. एका शिक्षकावर भार नको म्हणून अशा पोराची माहिती शिपाई, क्लार्क, पोषण आहाराच्या मावशी, रिक्षावाला आणि समोरचा झेरॉक्सवाला, अशी सगळ्यांत वाटून दिलेली असते. माहिती प्रत्येकाला, जबाबदारी कुणालाच नाही.

कोविडनंतर तर अशा पोरांची संख्या एकदम डोळ्यांवर आली. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या हेरंब कुलकर्णींनी एकल महिलांची समिती उभी केली. कार्यकर्ते गावोगाव फिरून बालसंगोपनाचे अर्ज भरून घेऊ लागले, तेव्हा कळलं की ही योजना आहे हेच कितीतरी घरांना ठाऊक नव्हतं. म्हणजे ज्याला लाभ मिळायला हवा त्याला योजना माहीत नाही, आणि ज्याला लाभ मिळतो तो सगळ्या गावाला माहीत. जाहिरात करायची ती योजनेची, हे आपण उलटं ऐकलं आणि पोराची केली.

आणि अनाथपण लपवायची ही लपाछपी अठरापर्यंतच. अठरा पूर्ण झाली की बालसंगोपन संपतं आणि उलटा खेळ सुरू होतो: आता अनाथपण सिद्ध करा. अमृता करवंदे या मुलीने स्पर्धा परीक्षेत गुण मिळवूनही ती कुठल्याच रकान्यात बसेना, तेव्हा तिने हा प्रश्न थेट सरकारपुढं नेला, आणि २०१८ मध्ये राज्यात अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आलं. चांगलंच झालं. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि सुरुवातीच्या नियमांत मामाकडं वाढलेलं पोर ते काढायला गेलं की त्याला विचारायचे, "नातेवाईक होते ना सांभाळायला?" शाळेत दहा वर्षं ज्याला अनाथ म्हणून उभं केलं, त्यालाच ऑफिसात 'तू पुरेसा अनाथ नाहीस' म्हणून बसवायचे.

टीका झाली, आता उपाय. शासनाला परिपत्रकाची भाषा कळते, म्हणून मसुदा तयार करून देतो. जावक क्रमांक त्यांनी घालावा.

एक : बालसंगोपन, शिष्यवृत्ती किंवा कुठल्याही मदतीचं नाव वर्गात पुकारू नये. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. ते वर्गातून जात नाहीत.

दोन : बोनाफाईड मागणाऱ्याला कारण तोंडी विचारू नये. चिठ्ठीवर लिहून घ्यावं. क्लार्कला वाचता येतं असं गृहीत धरावं.

तीन : नगरची तारीख शक्यतो सुट्टीत द्यावी. ते जमत नसेल तर त्या दिवसाची हजेरी मुकाट लावावी आणि टायरची चौकशी करू नये.

चार : निबंधाला 'माझे बाबा' सोबत 'माझी आजी', 'आमची म्हैस' आणि 'मला न आवडणारा निबंध' असे पर्याय द्यावेत.

पाच : पालकसभेला जो येईल तो पालक. अंगठ्याची शाई ऑफिसने पुरवावी.

सहा : १०९८ हा नंबर मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने लावावा.

सात : सहलीचे पैसे ज्याला भरायचे त्याने भरावेत आणि तोंड बंद ठेवावं. दुसरी अट पाळणं जमत नसेल, तर पहिलीतून सूट मिळेल.

आठ : या परिपत्रकाच्या प्रकाशनाचा समारंभ ठेवू नये. ठेवल्यावाचून राहवतच नसेल, तर स्टेजवर आणि फोटोत फक्त मान्यवर घ्यावेत. त्यांची ओळख जाहीर झाली तर त्यांची हरकत नसते.